जनरलसाहेबांचा घोडा नदीपार कोणी नेला

सौदी अरेबियात तीन आठवडे राहून आलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. उन्हाळा सोसला का आणि सोनं आणलं का. उन्हाळा नव्हताच, फेब्रुवारी होता, आपल्या नाशिकपेक्षा जरा उबदार एवढंच. आणि सोनं आणलं नाही. मी तिथे जाऊन एका अमेरिकन सेनापतीचं चरित्र शिकले, तेसुद्धा दोनदा, कारण पहिल्यांदा चुकीचं शिकले आणि वर ते दुसऱ्याला शिकवलं. मुलींच्या शाळेत तेहेतीस वर्षं इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या बाईला हे कबूल करणं जड जातं. पण प्रवासाबद्दल लिहायला बसलं की नुसत्या खजुरांवर आणि समुद्रावर भागत नाही.

थुवाल

माझा भाचा मंदार थुवालच्या विद्यापीठात आहे. समुद्राचं पाणी गोडं करायचे जे पातळ पडदे असतात, त्यांवर त्याचं संशोधन चालतं. जेद्दाच्या विमानतळावरून तासाभरात घरी पोहोचलो. गाडी त्याची बायको सायली चालवत होती. ती डाव्या हाताला बसून एकशे वीसच्या वेगाने वाळवंट कापत होती आणि मी मागे बसून, नाशिकला स्कूटरसुद्धा न शिकलेली बाई, उगाचच पायाने नसलेला ब्रेक दाबत होते.

विद्यापीठाचा परिसर म्हणजे एक गावच आहे. सारखी दिसणारी पांढरी-पिवळट घरं, खजुरीच्या रांगा, आणि जिकडेतिकडे सायकली. कुलूप कोणी लावत नाही. मी पहिल्या दिवशी मंदारला विचारलं, "चोरीला जात नाहीत?" तो म्हणाला, "आत्या, चोरून नेणार कुठे? फाटकाबाहेर वाळू आहे." संध्याकाळी खाडीकाठच्या कांदळवनाशी फिरायला गेलो. पाणी इतकं स्वच्छ की बुडातली मुळं दिसतात. दाभोळच्या खाडीत मी चिखलाशिवाय काही पाहिलं नव्हतं, त्यामुळे हीसुद्धा तीच झाडं यावर विश्वास बसेना.

दुसऱ्या दिवशी थुवाल गावात मासे खायला नेलं. बर्फावरचा मासा आपण बोटाने दाखवायचा, समोरच तो साफ करून तळतात, आणि सोबत सयादिया नावाचा तपकिरी भात देतात. कांदा जवळजवळ करपवून त्यात तो भात शिजवतात. आपल्याकडे कांदा इतका काळा झाला तर सून बोलणी खाते. मी दोनदा वाढून घेतला.

इरा ही मंदारची मुलगी, तेरा वर्षांची. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्यात न बोलता झालेला तह आहे. ती मला आत्तू म्हणते, गोड हसते आणि खोलीत निघून जाते. लहानपणी माझ्या मांडीवरून न उतरणारी पोर ती. सहा वर्षांची असल्यापासून रस्त्याच्या पलीकडच्या वळणावर राहणारी झोई तिची जिवलग मैत्रीण. दोघी रोज सायकलने शाळेला जातात. झोईची आई लोरेन, अमेरिकन, काळी, याच विद्यापीठात मातीवर संशोधन करते.

चौथ्या दिवशी इरा आपणहून माझ्या खोलीत आली. हातात कागद होता. शाळेत एक दिवस इतिहासाचं जिवंत प्रदर्शन भरणार होतं. प्रत्येक मुलाने चिठ्ठी उचलायची, जो माणूस निघेल त्याचा पोशाख करून उभं राहायचं आणि त्याचं आयुष्य 'मी' म्हणून तीन मिनिटांत सांगायचं. इराला अमेरिकेच्या यादवी युद्धातला, दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांचा एक घोडदळाचा सेनापती आला होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, मी त्याला जनरलसाहेब म्हणते.

"आत्तू, इट्स सो बोअरिंग. नुसत्या तारखा आहेत. तू टीचर होतीस ना?"

काय सांगू, मला इतका आनंद झाला! इतक्या वर्षांनी या मुलीला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी पदर खोचला.

कागद वाचला आणि मला वाटलं, अरे, हा तर आपलाच माणूस! तंबाखूची शेती करणाऱ्या घरात जन्म. वडील लवकर गेले. लष्करी विद्यालयात कसाबसा प्रवेश, पहिल्या वर्षी नापास व्हायची वेळ, मग जिद्दीने वर. मेक्सिकोच्या लढाईत तरुणपणी नाव काढलं. मग युद्ध पेटलं तेव्हा मोठ्या सैन्यातली मोठी नोकरी सोडून तो आपल्या मुलखाकडे परत आला. समोर उत्तरेची अफाट फौज, कारखाने, आगगाड्या. याच्याकडे थोडे घोडेस्वार. तरी हा शत्रूच्या मागे जाऊन रूळ उखडायचा, तारा तोडायचा, रसद पळवायचा. एकदा पहाटे पुराची नदी ओलांडून अख्ख्या छावणीची झोप उडवली. मोडक्या हाताने लढला आणि हरला. म्हातारपणी शेती केली, मेल्यावर चौकात पुतळा झाला. गेल्या काही वर्षांत तो काढला, असंही शेवटी एक वाक्य होतं. ते मी सोडून दिलं. तीन मिनिटांत कुठे बसवायचं?

थोडी माणसं, मोठा शत्रू, आपली माती, गनिमी कावा. मराठी इतिहासाच्या शिक्षकाला एवढं दिलं की पुढचं तोंडाला आपोआप येतं. मी इराला उभं कसं राहायचं, घोड्याचा लगाम हातात आहे असं कसं दाखवायचं, आवाज कुठे चढवायचा, सगळं शिकवलं. शेवटचं वाक्य माझं होतं: 'मी लढलो माझ्या मातीसाठी, माझ्या माणसांसाठी!' इंग्रजी तिने केलं. पोर रंगून गेली. रोज शाळेतून आली की दप्तर टाकून माझ्याकडेच.

शुक्रवारचं जेवण

तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि रविवारी सगळे कामाला जातात. तीन आठवड्यांतही माझ्या अंगात ते मुरलं नाही. त्या शुक्रवारी लोरेन आणि झोई जेवायला आल्या. मी भरली वांगी केली होती. झोईने तिसरी पोळी घेतली तशी मी खुशीत आले आणि म्हणाले, "आमच्या इराचा जनरल पाहा जरा."

इरा म्हणाली, "नको ना, आत्तू." तिला सरप्राईज ठेवायचं होतं. मी ऐकलं नाही. सायलीची ओढणी तिच्या कमरेला पट्ट्यासारखी बांधली आणि सोफ्यासमोर उभं केलं.

तिने फार सुंदर केलं. शेवटच्या वाक्याला तर तिने मूठ वर उचलली. मी टाळ्या वाजवल्या. मग लक्षात आलं की मी एकटीच वाजवतेय.

झोईने ताट खाली ठेवलं होतं. ती इराकडे अशी बघत होती की जणू तिला पहिल्यांदाच पाहतेय. लोरेन अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझ्या माणसांसाठी. त्याच्या शेतावर राबणारी माणसंसुद्धा त्याच्या मालकीचीच होती. ती तशीच राहावीत म्हणून तो लढला."

मंदार कसंनुसं काहीतरी बोलला. लोरेनने जेवणाचे आभार मानले, वांग्यांचं कौतुकही केलं, आणि दोघी निघून गेल्या. शनिवारी फोन नाही. रविवारी सकाळी इरा दारात सायकल धरून पंधरा मिनिटं उभी राहिली, मग एकटीच गेली. परत आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू मेड मी से इट." खोलीचं दार लावून घेतलं.

प्रदर्शनाला आठ दिवस होते. मला घरी जावंसं वाटायला लागलं.

मला माहीत नव्हतं असं म्हणावं तर तेही खरं नाही. अमेरिकेचं यादवी युद्ध कशावरून झालं ते नववीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं सांगितलंय. गुलामगिरी हा पहिला मुद्दा, फळ्यावर अधोरेखित. पण जनरलसाहेबांनी घोड्यावर मांड टाकली आणि मी तो मुद्दा साफ विसरले.

जेद्दा

सायलीने मला जरा बाहेर काढायचं म्हणून उस्मानभाईंबरोबर जेद्दाच्या जुन्या शहरात पाठवलं. उस्मानभाई मूळचे दाभोळचे, सव्वीस वर्षं इथे गाडी चालवतात. विद्यापीठातल्या सगळ्या मराठी घरांचे ते हक्काचे. गाडीत बसल्या बसल्या म्हणाले, "बाई, तुमी नाशिकच्या म्हंजे वरच्या अंगाच्या. आमच्या सोलकढीला नाक मुरडनारी माणसं." मी म्हटलं, मी दाभोळला मैत्रिणीकडे कैकदा राहिलेय आणि सोलकढी वाटीने नाही, तांब्याने प्यायलेय. मग आमचं जमलं.

जुन्या जेद्दातली घरं समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडाची आहेत. चार-चार मजले, आणि पुढे आलेल्या लाकडी जाळीदार खिडक्या. कुठे हिरवा रंग, कुठे नुसतं करडं पडलेलं लाकूड. गल्ल्या इतक्या अरुंद की दुपारीही सावली. एका कोपऱ्यावर मुतब्बक खाल्लं. पातळ पोळीत अंडं, खिमा आणि कांद्याची पात घालून तव्यावर चौकोनी घडी घालतात. करणाऱ्याने पीठ हवेत असं फिरवलं की मी घास विसरून बघत राहिले. उस्मानभाईंनी विचारलं, "तोंड का उतरलंय? तिकट झालं काय?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता खात होते. संपल्यावर हात पुसून म्हणाले, "बाई, तुमी पोरीच्या हातात तलवार दिलीत झ्याक. ती कुनावर चालते ते बघितलंच नाय."

"आता काय करू? फोन केला तर ती उचलेल का?"

"फोन कशाला? हिकडे कुनी रुसलं की उठून घरी जातात. आपल्याकडं पन जायचे की पूर्वी. जा आनि बसा. यल्ला, चला आता, गर्दी लागेल."

चुकलेलं घर

दुसऱ्या दिवशी सकाळी चिवड्याचा डबा घेऊन निघाले. मंदारने सांगितलं होतं, दुसऱ्या वळणाला डावीकडे, तिसरं घर. सगळी वळणं सारखी, सगळी घरं सारखी. मी घंटा वाजवली. दार उघडलं ते जीन्स घातलेल्या एका सौदी मुलीने. मी माफी मागून वळणार तोच मागून तिच्या सासूबाईंचा आवाज आला आणि मला आत ओढलंच.

बिनकानाच्या इवल्याशा कपात वेलदोड्याची फिकट कॉफी आणि खजूर. कप संपला की सासूबाई भरत. मी संपवायची, त्या भरायच्या. आपल्याकडे ताटावर हात आडवा धरतात तसा मी धरला, तर त्यांनी हात बाजूला करून भरला. पाचव्या कपाला सून हसायला लागली. पुरे झालं की कप हातात जरा हलवायचा असतो, हे मला कुठे ठाऊक! सासूबाईंनी माझं मनगट धरून हलवून दाखवलं. मग माझ्या तोंडावरचं काय वाचलं कोण जाणे, सुनेमार्फत विचारलं कुठे जायचंय, आणि त्या स्वतः मला लोरेनच्या दारापर्यंत घेऊन आल्या. घंटाही त्यांनीच वाजवली. पळून जायची सोय राहिली नाही.

लोरेनने आत घेतलं. आमचं बोलणं इंग्रजीत झालं. माझं इंग्रजी सरकारी पत्रातलं, तरी मी म्हटलं ते असं: "चूक माझी आहे. इराची नाही. शब्दही माझे होते."

"तुम्ही इतिहास शिकवत होता ना?" लोरेन म्हणाली. "तो कोणासाठी लढतोय हे तुम्ही विचारलं कसं नाही?"

"विचारलं. उत्तर मात्र माझ्या घरच्या इतिहासातून घेतलं."

ती जरा हसली. मग म्हणाली, "माझ्या आजीची आजी त्याच भागात जन्मली. त्याच्या शेतावर नाही, नदीपलीकडच्या. तिचं आडनाव मला माहीत नाही, कारण तिला ते नव्हतंच." पुढे म्हणाली, "झोईला राग आलेला नाही. तिला वाटतंय की इराला हे सगळं माहीत होतं, आणि तरी ती इतकी खुशीत बोलली."

हे ऐकून माझे डोळे भरून आले, आणि मी ते लपवले नाहीत.

मी विचारलं, इराने चिठ्ठी बदलून घ्यावी का. लोरेन म्हणाली, "नको. त्याला गाळून काय होणार? त्याला पूर्ण सांगू दे. त्याची पत्रं छापलेली आहेत, इंटरनेटवर मिळतात. झोईला मी काहीही सांगणार नाही. माफ करायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं." चिवड्याचा डबा मात्र तिने ठेवून घेतला.

जेवणाचं टेबल

इरा म्हणाली होती की ती त्या दिवशी आजारी पडणार. मी तिला लोरेनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. झोईला काय वाटतंय ते ऐकून ती रडली, आणि मग लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला.

चार दिवस दुपारी आम्ही पत्रं वाचली. इंग्रजी जुनं, तिलाही अडायचं, मलाही. माझ्या शिक्षकी खोडींतली एक खोड मात्र कामाला आली. मी तिला म्हटलं, "लढाई सोड. स्वयंपाक कोण करतंय ते शोध. घोडा कोण धरतंय, बूट कोण वाळवतंय." आणि मग तो सापडायला लागला. आयझॅक. शेतावरून सेनापतीबरोबर चाकरीला आणलेला गुलाम. एका पत्रात तो कोंबडी मिळवून आणतो. एकात जनरलसाहेबांच्या मोडक्या हाताला फळी बांधतो. आणि ज्या पहाटेच्या नदीचा एवढा डांगोरा, तिच्याबद्दल बहिणीला लिहिलेल्या पत्रात एक ओळ होती, की आयझॅकने माझा घोडा पोहवत पलीकडे नेला, मग परत येऊन खोगीर नेलं. पुराच्या पाण्यातून हा माणूस दोनदा गेला, आणि नाव जनरलसाहेबांचं झालं.

शेवटचा उल्लेख इराने वाचला. आयझॅक मंगळवारपासून छावणीत नाही. त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

आणि ती खुर्चीवरून उडालीच. "आत्तू! ही रॅन! तो पळून गेला!" आम्ही दोघींनी टेबलाभोवती अक्षरशः नाच केला. सायली स्वयंपाकघरातून बघायला आली.

नाच संपल्यावर इराने मराठीत विचारलं, "आपल्याकडे होते का असे? स्लेव्ह्ज?"

"छे," मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

संध्याकाळी चहा घेताना तो 'छे' मला गिळवेना. पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीची टिपणं मी एम.ए.ला असताना स्वतः वाचलेली आहेत. विकत घेतलेल्या बायका. पानिपतावर सैन्याबरोबर गेलेल्या चाकरमाणसांना आम्ही वर्गात 'बुणगे' म्हणायचो आणि त्यांच्यामुळे फौज अडली असं शिकवून पुढे जायचो. अभ्यासक्रमात नव्हतं म्हणून तेहेतीस वर्षांत एकदाही थांबले नाही. मी इराला हाक मारली आणि म्हटलं, "दुपारी मी खोटं बोलले. होते."

ती बराच वेळ विचारत राहिली, नावं काय होती, कुठे राहायच्या. बहुतेक प्रश्नांना माझं उत्तर 'माहीत नाही' असंच होतं. पण ती उठून गेली नाही.

प्रदर्शन

शाळेच्या मोठ्या दालनात तीसएक मुलं पुतळ्यासारखी उभी होती. प्रत्येकाच्या हातावर लाल कागदाचं गोल बटण चिकटवलेलं. ते दाबलं की पुतळा बोलायचा. इरा राखाडी कुर्त्यात, कमरेला ओढणी. शेवटच्या वाक्याची ती वर उचललेली मूठ तिने काढून टाकली होती. दालनाच्या पलीकडच्या टोकाला झोई पांढरा कोट घालून कोणी शास्त्रज्ञ झाली होती.

इराचं बटण आधी मंदारने दाबलं, मग एका शिक्षिकेने, मग तीन-चार पालकांनी. ती नीट बोलत होती, पण नजर सारखी पलीकडे. झोईने एकदाही मान वळवली नाही. अर्धा तास झाला. मी तिला पाण्याची बाटली द्यायला गेले तर कुजबुजली, "ती येणार नाही, आत्तू." ठरवणं झोईचं होतं.

मग झोई आपली जागा सोडून निघाली. पुतळ्याने जागा सोडायची नाही असा नियम होता, तिला एका शिक्षिकेने हटकलंही. ती तशीच आली, इरासमोर उभी राहिली, आणि बटण दाबलं.

इराने सांगितलं. तंबाखूची शेती, शेतावरची माणसं आणि ती कोणाच्या मालकीची, लष्करी विद्यालय, मेक्सिको, युद्ध आणि ते कशासाठी, उखडलेले रूळ. मग नदी. 'ती मी ओलांडली असं सगळे म्हणतात. माझा घोडा आयझॅकने पोहवत नेला. तो दोनदा गेला. एका मंगळवारी तो मला सोडून निघून गेला आणि मला नवल वाटलं. मला नवल वाटलं, हेच माझ्याबद्दल सगळ्यांत खरं आहे. माझा पुतळा झाला होता. त्याचं आडनाव मी कधी लिहिलं नाही.'

झोई हलली नाही. लोरेन माझ्या शेजारी येऊन उभी राहिलेली मला कळलीसुद्धा नाही.

झोईने हात पुढे केला आणि बटण पुन्हा दाबलं.

इराने नाक पुसलं, ताठ उभी राहिली, आणि या वेळी सुरुवात आयझॅकपासून केली.